निगेटिव्ह आलेल्यांचा हिशेब

पूर्व विदर्भात सिकलसेलचा शास्त्रीय मागोवा १९५८ पासून घेता येतो. त्या वर्षी नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा आजचा गोंदिया भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. २००८-०९ मध्ये राज्याने सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. या काळात तपासणी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेतून गोंदिया जिल्ह्यातील देवरी-सालेकशाच्या गावांपर्यंत पोहोचली, ही मोठी कमाई आहे. मात्र किती जणांना तपासले हे आपण जितक्या हिरिरीने मोजले, तितक्या हिरिरीने ज्या चाचणीने तपासले तिची पारख केली नाही.

या कार्यक्रमाची पहिली पायरी बहुतेक काळ सोल्युबिलिटी चाचणी ही राहिली. बोटातून घेतलेले थोडे रक्त द्रावणात मिसळतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळात किंवा अंगात रक्त फार कमी असलेल्या माणसात ती फसू शकते. म्हणून पॉझिटिव्ह आलेला नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पडताळणीच्या चाचणीसाठी पुढे जातो. ही रचना योग्यच आहे. अडचण तिच्यातून निघणाऱ्या आकड्यांच्या वाचनात आहे. समजा, हजार जणांत शंभर वाहक आहेत. चाचणीने नव्वद पकडले, दहा सोडले आणि अठरा निरोगी माणसे चुकून पॉझिटिव्ह दाखवली. पुढे गेलेल्या १०८ नमुन्यांपैकी ९० पक्के ठरतील, म्हणजे शंभरात ८३. आता हीच चाचणी ढिसाळपणे केली आणि दहाऐवजी तीस वाहक सुटले, तर ८८ पैकी ७० पक्के ठरतील, म्हणजे शंभरात ८०. सुटलेल्यांची संख्या तिप्पट झाली, पण अहवालातला आकडा जेमतेम हलला. जे सुटले ते निगेटिव्हच्या रकान्यात गेले आणि त्या रकान्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

हा दोष जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी दाखवले, की ठळक आजारी आणि ठणठणीत निरोगी अशा दोनच टोकांवर पारखलेली चाचणी प्रत्यक्षात आहे त्याहून सरस भासते. १९८३ मध्ये बेग आणि ग्रीन्स यांनी फक्त पॉझिटिव्हच पडताळण्याने होणाऱ्या फसगतीचे गणित मांडले. २००३ मध्ये अशा संशोधनाचा दर्जा तपासण्यासाठी ‘क्वाडास’ ही चौदा प्रश्नांची कसोटी आली. २०११ मध्ये तिची फेरमांडणी चार मुद्द्यांभोवती झाली. माणसे कशी निवडली? चाचणीचा निकाल पूर्वग्रहाविना वाचला का? तुलनेसाठी घेतलेली पक्की चाचणी खरोखर पक्की आहे का? आणि सगळ्यांचीच पडताळणी झाली का?

हे प्रश्न आपल्या भागालाही तंतोतंत लागू पडतात. तपासणीच्या नव्या झटपट पट्ट्या कोणते हिमोग्लोबिन आहे ते सांगतात, त्याचे प्रमाण सांगत नाहीत. सिकलसेलबरोबर सौम्य बीटा थॅलेसेमिया असलेल्या रुग्णाच्या पट्टीवर सामान्य आणि सिकल अशा दोन्ही रेघा उमटतात आणि तो वाहक ठरू शकतो. त्याचे उपचार चुकतात, दिव्यांग म्हणून मिळणारा हक्कही हुकतो. नेहमीच्या अल्कली इलेक्ट्रोफोरेसिसमध्येही हिमोग्लोबिन डी हा वेगळा प्रकार सिकलच्याच जागी दिसतो. दूरच्या एखाद्या इस्पितळातील निवडक रुग्णांवर सिद्ध झालेली अचूकता अर्जुनी मोरगावच्या शाळेतील मुलांना लागू होईलच, असे गृहीत धरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, जिथे काहीच नव्हते तिथे जी चाचणी हाताशी आहे ती वापरावी. कसोट्यांचा काथ्याकूट श्रीमंत देशांसाठी ठीक. याला क्षयरोगाचे उदाहरण हे उत्तर आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ओळखणाऱ्या चाचण्या आपल्या खाजगी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे सर्रास चालल्या. त्यांच्यावरचे संशोधन एकत्र करून पारखले, तेव्हा ते कच्चे आणि परस्परविसंगत निघाले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या न वापरण्याचे सांगितले आणि २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. तोवर भुर्दंड भरला तो रुग्णांनीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक निगेटिव्हची पडताळणी जिल्ह्याला परवडणार नाही. खरे आहे, पण प्रत्येकाची गरजच नाही. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे, निगेटिव्ह आलेल्या दर शंभरांतून पाच नमुने एचपीएलसीसाठी पाठवले, तरी किती सुटतात याचा अंदाज बांधता येतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

राष्ट्रीय अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट मोठ्या अंशी लग्नाआधीच्या सल्ल्यावर उभे आहे. दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणीत सुटलेला वाहक आपल्याला काही नाही या समजुतीने बोहल्यावर चढतो. तपासणीच झाली नसती, तर निदान त्याच्या घरच्यांच्या मनात शंका तरी राहिली असती. चुकीच्या निगेटिव्हने तीही पुसली. म्हणून यापुढे जिल्ह्याच्या अहवालात तपासलेल्यांच्या आणि सापडलेल्यांच्या आकड्यांशेजारी, सुटलेल्यांच्या अंदाजाचा तिसरा रकाना असायला हवा.