कँटन फेअरला जाताय? आधी पैसे तीन खिशांत वाटा



चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअरवर व्हिडिओ केला, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: "कुठला माल स्वस्त मिळतो?" मालावर बोलूच. पण आज आधी एका बिलाची गोष्ट सांगतो.

माझ्या पहिल्या ट्रिपला, एप्रिलमध्ये, आम्ही सहा दुकानदार एकत्र गेलो होतो. त्यात आमचे एक हार्डवेअरवाले काका, वय ५६. निघायच्या आधी मी विचारलं, "काका, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला का?" ते म्हणाले, "अरे, आठ दिवसांसाठी कशाला? मेडिक्लेम आहे की माझा."

तिसऱ्या रात्री दोन वाजता त्यांनी माझ्या रूमचं दार वाजवलं. पाठीतून कळा येत होत्या, अंग घामाने भिजलेलं. मुतखडा निघाला. हॉस्पिटलमध्ये तपासणीआधी पैसे, स्कॅनआधी पैसे. काकांचं कार्ड चालेना. त्यावर परदेशातला वापर चालूच केला नव्हता, आणि ओटीपी येणारं सिम राहिलं होतं घरी. शेवटी आम्ही सगळ्यांनी सॅम्पलसाठी आणलेले युआन एकत्र केले. दोन दिवसांत साधारण ₹९०,००० गेले. मेडिक्लेममधून एक रुपया आला नाही, कारण पॉलिसी फक्त भारतातल्या उपचारांची होती. काका बरे झाले, पण त्या वर्षी दिवाळीचा नवीन माल त्यांना भरता आला नाही.

चूक पैशांच्या कमतरतेची नव्हती. खर्चाचे, मालाचे आणि संकटाचे पैसे एकाच खिशात होते, ही चूक होती.

खिसा पहिला: रोजचा खर्च

आपलं यूपीआय तिथे चालत नाही. छोट्या दुकानात, टॅक्सीत सगळीकडे क्यूआर, तोही अलीपे किंवा वीचॅट पेचा. ही ॲप्स घरूनच डाउनलोड करा, पासपोर्टने व्हेरिफिकेशन करा, आपलं कार्ड लिंक होतंय का ते निघायच्या आधी बघा. अलीपेवर परदेशी कार्डाने २०० युआनपेक्षा मोठं पेमेंट केलं की ३ टक्के शुल्क लागतं.

आता बँकेचं बघा. कार्ड परदेशात वापरलं की बऱ्याच बँका ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ₹१ लाख खर्च केले तर ₹३,५०० अधिक ₹६३०, एकूण ₹४,१३० नुसते हवेत. फॉरेक्स कार्ड घेत असाल तर विचारा, त्यात युआन भरता येतात का? डॉलर भरून युआनमध्ये खर्च केलात तर पुन्हा वेगळं शुल्क लागू शकतं.

मशीनने विचारलं, "रुपयात पेमेंट करू की युआनमध्ये?" तर डोळे झाकून युआन. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, पण दर त्यांचा असतो आणि तो आपल्याला महाग पडतो.

रोख नोटा चीनसारख्या देशात एका ट्रिपला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात. थोडे युआन इथूनच घ्या. एअरपोर्टच्या काउंटरवर सहसा दर वाईट मिळतो.

खिसा दुसरा: मालाचे पैसे

हे पैसे खिशातून न्यायचेच नाहीत. फॉरेक्स कार्ड प्रवासाच्या खर्चासाठी आहे, ऑर्डरच्या पेमेंटसाठी नाही. स्टॉलवर भाव ठरवा, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस घ्या, घरी या आणि मग आपल्या बँकेतून पाठवा. त्यासाठी आयईसी कोड लागतो. डीजीएफटीच्या साइटवर ₹५०० शुल्कात निघतो, निघायच्या आधीच काढा.

तिथे बहुतेक जण ३० टक्के ॲडव्हान्स मागतात, ते चालतं. पण इन्व्हॉइसवर कंपनीचं नाव एक आणि खातं कुणा व्यक्तीचं, असं दिसलं तर हात आखडा. भाव कितीही चांगला असो.

खिसा तिसरा: संकट

ट्रॅव्हल इन्शुरन्स हा ट्रिपचा खर्च आहे, तिकिटासारखाच. भारतातून निघायच्या आधी काढा आणि चार गोष्टी वाचा:

- बीपी, शुगर असेल तर फॉर्मवर खरं लिहा. लपवलंत तर क्लेम तिथेच अडकतो. आधीपासूनच्या आजाराला कितपत कव्हर आहे, तेही विचारा.
- डिडक्टिबल किती? १०० डॉलर असेल तर तेवढे आपल्याच खिशातून जातात.
- बॅग हरवली तर सॅम्पलचे पैसे मिळतात का? बहुतेक पॉलिसींत धंद्याचा माल धरत नाहीत.
- मदतीचा नंबर कोणता? ॲडमिट व्हायच्या आधी, जमलं नाही तर लगेच नंतर, फोन करा. कॅशलेसची सोय असेल तर ती तिथूनच सुरू होते.

क्लेम कागदावर उभा राहतो. हॉस्पिटलची प्रत्येक पावती, डॉक्टरचा रिपोर्ट जपा. बॅग आली नाही तर एअरपोर्ट सोडायच्या आधी एअरलाइनकडून लेखी रिपोर्ट घ्या. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार.

आणि एक दुसरं कार्ड, वेगळ्या बँकेचं, वेगळ्या बॅगेत. दोन्हींवर इंटरनॅशनल वापर चालू, लिमिट सेट, सिमवर रोमिंग चालू.

निघण्याआधी

फेअर वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तीन टप्प्यांत भरतो. आपला माल कोणत्या टप्प्यात आहे ते बघूनच तिकीट काढा. मग ट्रिपचा सगळा खर्च, इन्शुरन्स आणि बँकेच्या शुल्कासकट, एका कागदावर लिहा आणि पहिल्या ऑर्डरच्या नगांनी भागा. तेवढे रुपये प्रत्येक नगाच्या खरेदीत धरल्यावरही भाव परवडतोय? मगच बॅग भरा.

आज रात्री एकच काम करा. मेडिक्लेमची पॉलिसी काढा आणि ती भारताबाहेर चालते का, ते शोधा. काकांनी ते निघायच्या आधी वाचलं असतं, तर त्या रात्री आमच्या सगळ्यांचे खिसे रिकामे झाले नसते.