पाळणाघर

पाळणाघर म्हणजे आईवडील कामावर असताना त्यांच्या मुलांचा दिवसभर सांभाळ करणारी जागा किंवा संस्था. नावात पाळणा असला, तरी येथे केवळ तान्ही बाळे नसतात. शाळा सुटल्यानंतर पालक घरी परतेपर्यंत थांबणारी मोठी मुलेही असतात.

पार्श्वभूमी

एकत्र कुटुंबात मुलांचा सांभाळ आजी, काकू, आत्या यांच्यात विभागला जात असे. रोजगारासाठी शहरात आलेल्या अनेक कुटुंबांना हा आधार उरला नाही. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत नोकरदार दांपत्यांची ही गरज बऱ्याच अंशी शेजारपाजारच्या गृहिणींनी भागवली. स्वतःच्या घरात मोजकी मुले सांभाळून दरमहा शुल्क घेणारी अशी घरगुती पाळणाघरे आजही आढळतात. मुलांचे जेवण, झोप व औषधाच्या वेळा पाळणे, त्यांना शाळेच्या बसमधून उतरवून घेणे ही कामे तेथे केली जातात.

कष्टकरी कुटुंबे

बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार व घरकामगार यांना असे शुल्क सहसा परवडत नाही. शिवाय मजुरांच्या कामाची जागा सतत बदलते. अशा वेळी मूल कामाच्या ठिकाणीच धुळीत व धोक्यात राहते किंवा थोरल्या बहिणीवर सोपवले जाते. धाकट्याला सांभाळण्यासाठी तिची शाळा बुडते आणि पुढे सुटतेही. त्यामुळे पाळणाघराच्या अभावाचा परिणाम घरातील एकाच मुलापुरता राहत नाही.

बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ हे कार्य सुरू केले. पाळणाघरच मजुरांच्या कामाच्या जागी नेणे, ही त्यामागील कल्पना होती. पुढे हे कार्य मुंबई व पुणे येथेही सुरू झाले.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक होते. आरंभी ५० असलेली ही मर्यादा पुढे ३० करण्यात आली. मात्र केवळ स्त्रियांची संख्या मोजल्यामुळे मुलांचा सांभाळ ही आईचीच जबाबदारी ठरत होती. मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ ने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. यात स्त्री-पुरुष दोघेही मोजले जातात. तथापि, दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मातेलाच देण्यात आली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही पाळणाघराची तरतूद कायम आहे.

शासकीय योजना

केंद्र शासनाने २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू केली. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ या नावाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही सोय दिली जाते. काही अंगणवाड्यांनाही पाळणाघराची जोड देण्यात येत आहे.

मर्यादा

कायद्यातील तरतुदी आस्थापनेतील कर्मचारीसंख्येवर आधारलेल्या आहेत. त्यामुळे छोटी दुकाने, घरकाम व शेतमजुरी यांतील बहुसंख्य पालक त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. सर्वसाधारण अंगणवाडी काही तासच चालते. पालकांचे काम मात्र दिवसभराचे असते. सहा वर्षांवरील मुलांसाठी शाळेनंतरची सोय प्रामुख्याने खासगी व घरगुती पाळणाघरांवरच अवलंबून आहे.