दोघेही गुणी, पण एकत्र नकोत!

टोमॅटो चिरायला बसलो की देठाजवळची हिरवी चांदणी मी आधी उपटून टाकतो. तिच्यामागे एवढे महाभारत असेल, असे ह्या मराठीच्या मास्तराला कधी वाटले नव्हते!

आमच्या व्याकरणात 'महा' आणि 'ईश' भेटले की 'महेश' होतो. 'आ' जातो, 'ई'ही जाते, आणि तिसराच 'ए' येऊन बसतो. झाडाझुडपांतही असे संधी होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजला बेटसन आणि पनेट यांनी स्वीट पीच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला, तर संततीची फुले जांभळी! पुढच्या पिढीत मोजदाद केली, तेव्हा सोळांत नऊ जांभळी आणि सात पांढरी असे प्रमाण पडले. रंगाला दोन जनुके लागतात; एका वाणात एक बिघडलेले होते, दुसऱ्यात दुसरे.

फुलाचा रंग चुकला म्हणून कोणी उपाशी राहत नाही. टोमॅटोचे तसे नाही. त्याच्या देठाला मध्येच एक सांधा असतो. तोडताना देठ तिथे मोडतो आणि चांदणी फळालाच राहते. गालापागोस बेटांवरच्या रानटोमॅटोतले बिनसांध्याचे जनुक चार्ल्स रिक यांनी १९५६ साली नोंदवले. यंत्राने तोडणी करणाऱ्यांना तेच हवे होते. तो गुण लागवडीच्या वाणांत आणू लागले, तर काहींत तो मुकाट्याने उतरला. काहींत मात्र फुलोऱ्याला फाटेच फाटे फुटले. फुले भाराभर आणि फळे थोडी!

कोडे सुटले २०१७ साली, अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत, झॅकरी लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. त्या वाणांत एक जुना बदल आधीच होता: मोठी चांदणी देणारा, टोमॅटो लागवडीखाली आला तेव्हापासूनचा. ही दोन्ही जनुके सख्ख्या भावांसारखी. फुलोरा वेळेवर आवरता घेणे हे दोघांचे काम. एक रजेवर गेला तर दुसरा निभावून नेतो. दोघेही गेले की कारभार मोकाट. अशा संकराच्या दुसऱ्या पिढीत सोळा रोपांमागे सुमारे एकातच दोन्ही बिघाड पुरते एकत्र येतात. म्हणून तर रोपे मोजत बसावे लागते.

आणि गंमत पाहा, एक भाऊ पूर्ण रजेवर आणि दुसरा अर्ध्या दिवसाच्या कामावर, म्हणजे त्याच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, असे संकर केले तेव्हा फाटे बेताचेच फुटले आणि उत्पन्न उलट वाढले.

काल मंडईतून आणलेल्या टोमॅटोची चांदणी मी बराच वेळ निरखत होतो. शेवटी आतून आवाज आला, "अहो, कोशिंबीर आज होणार आहे ना?"