किल्ली कोणाच्या खिशात?

2017 च्या अखेरीस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि पाठोपाठ औंधच्या रस्त्यांवर नव्या कोऱ्या, रंगीबेरंगी सायकली एकाएकी दिसू लागल्या, तेव्हा गेलेले दिवस परत आल्याचा आनंद अनेक पुणेकरांना झाला. भाड्याच्या सायकलीचे या शहराला अप्रूप नव्हते. तासाच्या बोलीने सायकल देणारी दुकाने एके काळी पेठापेठांतून होती. वहीत नाव आणि वेळ लिहून घेतली की काम भागत असे. नवीन होते ते कुलूप. त्याला किल्लीच नव्हती. सायकलीवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपावयाचा, तो निरोप कंपनीच्या कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरकडे जावयाचा आणि तिकडून अनुज्ञा आली म्हणजे कुलूप उघडावयाचे, अशी ती व्यवस्था. ऑफो, पेडल, मोबाइक, युलू इत्यादी कंपन्या या व्यवसायात उतरल्या. पैकी ऑफोने 2018 मध्येच भारतातून काढता पाय घेतला आणि साध्या सायकलींची ती सारी योजनाच पुढे विरून गेली. जुन्या दुकानदाराने धंदा बंद केला असता, तर त्याच्या सायकली निदान दुसऱ्या कोणी विकत घेऊन वापरल्या असत्या. येथे ते तितके सोपे नव्हते. सायकल गावात होती, पण तिची किल्ली गावात नव्हती.

हा प्रकार भाड्याच्या सायकलींपुरताच असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जुलै 2023 मध्ये हॉलंडमधील व्हॅनमूफ ही विजेच्या सायकली बनवणारी नामांकित कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि लाख-दोन लाख रुपयांच्या घरातली किंमत मोजून ज्यांनी त्या सायकली स्वतःच्या मालकीच्या म्हणून घेतल्या होत्या, ते ग्राहकही धास्तावले. त्या सायकली मोबाइलवरील ॲपने उघडत. ॲपला लागणारी सांकेतिक किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. आणि तो सर्व्हर किती दिवस चालू राहील, हे कोणालाच सांगता येईना. अखेर काउबॉय या बेल्जियममधील प्रतिस्पर्धी कंपनीने, ज्याला त्याला आपली किल्ली वेळीच उतरवून घेता यावी म्हणून, एक छोटे ॲप तयार करून लोकांना दिले. व्हॅनमूफला पुढे नवा मालक मिळाला, ही गोष्ट वेगळी. पण सायकलीइतके उघडेवाघडे यंत्र माणसाने क्वचितच बनवले असेल. त्याच्या मालकाला ते वापरण्यासाठी प्रतिस्पर्धी दुकानदाराच्या सौजन्याची वाट पाहावी लागली, हे मालकी या शब्दाचा अर्थ पालटत चालल्याचे लक्षण होय.

पुण्यात संगणकाच्या व्यवसायात असलेल्या, किंवा नुसताच संगणकाचा नाद असलेल्या मंडळींत हल्ली एका विशिष्ट प्रकारचा माणूस भेटतो. तो कामावर सायकलने जातो. मोबाइल घेताना कॅमेऱ्याची चौकशी करण्याआधी बॅटरी बदलता येते का, हे तो विचारतो. आणि त्याच्या घरात, चपलांच्या कपाटावर किंवा पुस्तकांच्या फळीवर, एक लहानसा सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे, गाणी त्यात साठवलेली असतात. शेजाऱ्यांना ही तीन निरनिराळी खुळे वाटतात. घरच्यांनाही बहुधा तसेच वाटत असावे. वस्तुतः ते एकच खूळ आहे, आणि त्याला खूळ म्हणावे की नाही, याचा सायकलीपासूनच विचार करणे बरे.

साध्या काळ्या सायकलीत लपवण्यासारखे काहीच नसते. पंक्चर झाले तर ट्यूब बाहेर काढून तीत थोडी हवा भरावी, ती पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे, तेवढी जागा कानशीने खरवडावी, सोल्यूशन लावून ते किंचित सुकू द्यावे आणि मग ठिगळ दाबून बसवावे. घाईने ओल्या सोल्यूशनवर ठिगळ चिकटवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे लागे. संयमाचा हा पाठ शाळेतल्या कोणत्याही पाठापेक्षा चांगला लक्षात राही. चाकाचा आऊट काढणे, तारा आवळणे, घासलेले छर्रे बदलून ग्रीस भरणे ही कामे थोडी अधिक कसबाची. पण तीही दुकानासमोर उभे राहून पाहता येत, आणि पाहणाऱ्या पोराला दुकानदार बहुधा पाना हातात देई. शिवाय या सुट्या भागांची मापे ठरलेली. लुधियानात बनलेली चेन किंवा पेडल पुण्यातल्या कोणत्याही दुकानात मिळावी आणि ती अमुक कंपनीच्याच सायकलीला बसेल अशी अट नसावी, ही आजच्या मानाने किती मोठी सोय होती! ॲटलास कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद केला. कामगारांवर त्यामुळे आपत्ती कोसळली. पण देशातली एकही ॲटलास सायकल त्या दिवशी अडून बसली नाही.

कर्वेनगरातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल पाहावयास मिळते. ऐंशी वर्षांपूर्वीचे ते यंत्र आज पुन्हा उभे करता येते, याचे कारण त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि कोणत्याही कारागिराला तो घासून, कापून पुन्हा घडवता येतो. पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा मोबाइल असाच चालू करावयाचा म्हटले, तर काय हाती लागेल? पुण्याच्याच आकुर्डीत बनलेली बजाजची चेतक घरोघरीच्या गृहस्थांना कशी ओळखीची झाली होती, हे सर्वांना ठाऊक आहे. सकाळी ती एका अंगाला कलती करून किक मारावयाची आणि तरीही ऐकेना, तर प्लग काढून पुसावयाचा. बँकेतला कारकून आणि कॉलेजातला प्राध्यापक यांना यंत्रशास्त्र येत नव्हते, पण आपल्या गाडीचा प्लग कोठे असतो ते माहीत होते.

पाना हाती धरणे आपल्याकडे कमी प्रतीचे मानले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. किर्लोस्कर बंधूंचा पहिला उद्योग म्हणजे 1888 मध्ये बेळगावात उघडलेले सायकलींचे दुकान. तेथून 1903 मध्ये लोखंडी नांगर निघाला आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच 1903 सालच्या डिसेंबरात विमान उडवणारे राइट बंधूही अमेरिकेतील डेटनचे सायकल दुकानदार. सायकल खोलणारा प्रत्येकजण नांगर किंवा विमान बनवतो असे नव्हे. पण बनवणारे पुष्कळदा खोलणाऱ्यांतूनच आले, हे विसरून चालत नाही. ज्या मुलाने आपल्या हातातल्या एकाही यंत्राचे पोट कधी पाहिले नाही, तो अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत पोहोचेलही. पण हाताला झालेली ओळख त्याला वर्गात मिळणार नाही.

आजच्या मोबाइलचे झाकण सरसाने चिकटवलेले असते. स्क्रू असलेच, तर त्यांची डोकी नेहमीच्या पेचकसाला न जुमानणारी. त्यातूनही कोणी नवा पडदा किंवा नवी बॅटरी बसवली, तर काही फोन तो भाग ओळखण्याचेच नाकारतात; कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला मान्यता द्यावी लागते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सामान मिळते, जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मोडक्या यंत्रांचे भाग मांडलेले असतात, आणि ही यंत्रे जिवंत करणारे कारागीर आजही या शहरात आहेत. त्यांच्या अंगी कसब नाही असे नाही. त्यांना दार बंद केले जात आहे. एखाद्या शिक्षिकेचा फोन तीन वर्षांत बॅटरीपायी निकामी ठरतो आणि ती महिन्याच्या पगारातून हप्त्याने दुसरा घेते, तेव्हा तिचा पैसा जातो, कारागिराची मजुरी बुडते आणि कचऱ्यात एक विषारी वस्तू वाढते.

याची जाणीव सरकारदरबारी झालेली नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू झाले. सप्टेंबर 2024 मध्ये आणखी एक समिती नेमली गेली. कोणती वस्तू किती सुलभतेने दुरुस्त होते याचा निर्देशांक कसा ठरवावा, याचा अहवाल तिने मे 2025 मध्ये सादर केला. फ्रान्समध्ये मात्र असा आकडा जानेवारी 2021 पासून दुकानात वस्तूच्या किमतीशेजारी लावावा लागतो. युरोपीय संघाने तर 2023 च्या नियमाने, लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशीच असली पाहिजे, यासाठी 18 फेब्रुवारी 2027 ही मुदत घातली. आपल्याकडे समित्या झाल्या. सक्तीविना त्यांच्या शिफारशी दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचत नाहीत, हा अनुभव जुनाच आहे.

आता राहिला तो घरातला सर्व्हर. हा शब्द भारदस्त वाटतो, पण सर्व्हर म्हणजे मागणाऱ्याला मागितलेली फाइल काढून देणारा संगणक. कचेरीतल्या अभिलेख-कारकुनाचेच काम. त्याला प्रचंड यंत्र लागत नाही. 2012 मध्ये इंग्लंडात निघालेला रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या जोडाएवढा संगणक त्याला पुरतो; किंवा पडदा फुटलेला जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी वीज गेल्यावर काही काळ त्याला जागेही ठेवते. 10 वॅट वीज खाणारे यंत्र महिनाभर अखंड चालले, तर 7 युनिटांच्या आसपास बिल येते. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली आणि नेक्स्टक्लाउडसारखे मुक्त सॉफ्टवेअर यांना पैसे पडत नाहीत. अडचण येते ती पत्त्याची. इंटरनेट देणाऱ्या कंपन्या पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. वाड्याचा घरनंबर एक आणि बिऱ्हाडे तीस, अशा स्थितीत पोस्टमनची जी पंचाईत होई, तीच बाहेरून घरच्या सर्व्हरला हाक मारणाऱ्याची होते. यावर तोडगे आहेत, आणि हौशी माणसाच्या रविवारच्या सकाळी त्यातच जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपन्या छायाचित्रे सांभाळतातच की! परंतु ऑर्कुट हे एके काळी भारतातल्या महाविद्यालयीन तरुणांचे घर होते. 30 सप्टेंबर 2014 रोजी ते बंद झाले आणि ज्यांनी आपला ऐवज मुदतीत उतरवून घेतला नाही, त्यांच्या आठवणी गेल्या. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून संपली. यात लबाडी होती असे नाही. दुसऱ्याच्या माडीवर सामान ठेवणाऱ्याने भाडे वाढल्याची किंवा माडी पाडल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

तथापि, या मंडळींच्या उत्साहात दोन गोष्टी दुर्लक्षिल्या जातात. पहिली अशी की, सायकल घरी दुरुस्त होते, रस्ता घरी दुरुस्त होत नाही. 2006 मध्ये बीआरटीबरोबर आखलेल्या सायकलमार्गांवर पुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यातले 800 किलोमीटरहून अधिक मार्गांचे स्वप्न बव्हंशी कागदावरच राहिले. आपली चेन आपण घट्ट केली, म्हणजे मागून येणारा डंपर थांबतो असे नव्हे. सायकलीचा प्रश्न नगरसेवकाच्या दारातच सोडवावा लागतो, आणि दुरुस्तीच्या हक्काचा दिल्लीत. पेचकस हातात घेणाऱ्या माणसाला निवेदनावर सही करण्याचा कंटाळा असतो, हा त्याचा दोष मान्य केला पाहिजे.

दुसरी गोष्ट घरातली आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या घरांतले कागद चिखलात गेले. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुन्हा पाणी शिरले. घरातच ठेवलेली एकुलती एक प्रत म्हणजे सांभाळ नव्हे. पोथ्या टिकल्या त्या नकला होऊन निरनिराळ्या गावी गेल्या म्हणून. तेव्हा सर्व्हरचीही एक प्रत भावाच्या किंवा मुलीच्या घरी, दुसऱ्या गावी, असलीच पाहिजे. आणि याहून मोठा धोका तो हौशी माणूस स्वतःच असतो. सर्व परवलीचे शब्द त्याच्या डोक्यात, सर्व जोडण्या त्याला एकट्याला ठाऊक. उद्या तो आजारी पडला, परगावी गेला किंवा मरण पावला, तर पंधरा वर्षांची छायाचित्रे असलेली ती पेटी घरच्यांच्या दृष्टीने त्या व्हॅनमूफच्या सायकलीसारखीच. हाताशी आहे, उघडत नाही. कंपनीच्या खिशातली किल्ली काढून त्याने ती स्वतःच्या खिशात घातली, एवढेच झाले.

यावर उपाय एका कागदाचा आहे. कोणते यंत्र कोठे आहे, ते बंद-चालू कसे करावे, परवलीचे शब्द कोणते, दुसरी प्रत कोणाकडे आहे, हे साध्या मराठीत लिहून तो कागद बँकेच्या पासबुकाबरोबर कपाटात ठेवावा. खंडेनवमीला घरातली हत्यारे पुसून पुजली जातात, सायकल धुऊन तिला तेल घातले जाते आणि हार घातला जातो. त्या दिवशी सर्व्हरवरचीही धूळ झटकावी, आणि तो मांडणाऱ्याने बाजूला बसून, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, फक्त त्या कागदावरून, दुसऱ्या गावच्या प्रतीतले एक जुने छायाचित्र काढून दाखवावयास सांगावे.