एकच हिवाळा, दोन युक्त्या : अस्वल झोपते, बेडूक गोठतो

अलास्काच्या अंतर्भागात हिवाळ्यात पारा उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. तिथल्या जंगलात काळे अस्वल राहते आणि ‘वुड फ्रॉग’ नावाचा, तळहातावर सहज मावेल एवढा बेडूकही. दोघेही शीतनिद्रा घेतात, असे एका वाक्यात सांगून टाकले जाते. प्रत्यक्षात दोन्ही झोपांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अस्वल उष्ण रक्ताचे. थंडीआधी भरपूर खाऊन साठवलेल्या चरबीवर ते पाच ते सात महिने काढते. त्याचे शरीर तेव्हाही ३० अंशांच्या वर असते, पण हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास येतात. या काळात खाणे नाही, पिणे नाही, लघवीसुद्धा नाही. मादी तर याच दिवसांत पिल्लांना जन्म देते आणि दूध पाजते!

बेडकाला अशी ऊब निर्माण करता येत नाही. तो खोल बीळही खणत नाही, पालापाचोळ्याखाली बसून राहतो. त्वचेवर बर्फ धरू लागला की त्याचे यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ग्लुकोज बनवून रक्तात सोडते. ही साखर पेशींत शिरते, त्यामुळे बर्फ पेशींच्या बाहेरच राहतो. शरीरातले सुमारे दोन तृतीयांश पाणी गोठते. श्वास थांबतो, हृदयही थांबते. हातात घेतला तर दगडच वाटावा. उणे १८ अंशांपर्यंत तो तग धरतो आणि वसंतात वितळला की हृदय पुन्हा सुरू होते.

एवढे वेगळे असूनही दोघे एका पदार्थाचा उपयोग करतात : युरिया. माणसाची मूत्रपिंडे बंद पडली की तो रक्तात साचतो आणि डायलिसिसची वेळ येते. अस्वलाच्या आतड्यातले जीवाणू युरिया फोडतात, त्यातल्या नायट्रोजनपासून शरीर पुन्हा प्रथिने बनवते. महिनोन्‌महिने पडून राहूनही त्याचे स्नायू फारसे झिजत नाहीत, ते बरेचसे यामुळे. बेडूक युरिया साठवून ठेवतो आणि ग्लुकोजच्या जोडीने गोठणीपासून पेशींचे रक्षण करतो.

डॉक्टरांना या बेडकात रस आहे तो वेगळ्याच कारणाने. दात्याचे मूत्रपिंड बर्फावर साधारण एक-दीड दिवसच टिकते आणि गोठवले तर पेशी फुटून निकामी होते. या बेडकाची मूत्रपिंडे मात्र अख्खा हिवाळा गोठून वसंतात पुन्हा कामाला लागतात.