कातड्यातून उठणारा डांगी

कातड्यावर उठावाची चित्रं कोरण्याचा छंद लागून मला बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. चित्र जिवंत वाटणार की नाही, हे निम्मं सुरी हातात घेण्याआधीच ठरतं. कातडं कशात कमावलं आहे, यावर ते अवलंबून असतं.

बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांत कमावलेलं. ते झटपट तयार होतं, मऊ असतं, बॅगांना छान. पण ओलं करून दाबलं की पुन्हा वर येतं, ठसा धरत नाही. सालीत कमावलेल्या कातड्याला आठवडेच्या आठवडे लागतात, कारण सालीतलं टॅनिन सावकाश तंतूंमध्ये शिरून बसतं. असं कातडं ओलसर असताना दाबाल तसं दबतं आणि वाळल्यावर तसंच राहतं. कोल्हापुरी चपलेचं कातडंही परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांतच कमावतात. त्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा त्यात नाही. पण ही दोन्ही झाडं आमच्याकडे आहेत! पाथर्डी-जामखेडच्या माळावर बाभळी, अकोल्याच्या डोंगरात हिरडा. तिथली आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात. कातडं कमावण्याची विद्या मात्र ढोर समाजाने आणि ते घडवण्याची चर्मकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि त्याबद्दल मान मिळण्याऐवजी त्यांच्या वाट्याला वेशीबाहेरची वस्ती आली. आमच्यासारख्या हौशी माणसांनी हे विसरून या कलेचं कौतुक मिरवू नये.

बाहेरच्या जगात स्पेनमधल्या कोर्दोवाची सोनेरी नक्षीची कातडी भिंतींना लावत, अमेरिकेत वायोमिंगमधल्या शेरिडनची खोगिरांवरची फुलं नावाजलेली, आणि आपल्याकडे शांतिनिकेतनच्या ठशांच्या पिशव्या घरोघरी पोचल्या. पण मला ओढ जनावरांची, त्यातही डांगी जातीच्या बैलाची.

अकोले तालुक्यात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. आमच्या जिल्ह्यात याहून देखणं काही भरत असेल असं मला वाटत नाही. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, आखूड जाड शिंगं, किंचित पुढे आलेलं कपाळ, गळ्याखाली लोंबणारी पोळी. एका बैलाची तुकतुकी पाहून मी मालकांना विचारलं, "बाबा, तेल चोळलंय का याला?" ते म्हणाले, "अंगचंच तेल हाय त्याचं. पाऊस अंगावर थांबत न्हाई." खरंच आहे ते. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तो टिकतो. ही तुकतुकी कातड्यावर कशी आणायची, हा प्रश्न तिथून माझ्या मागे लागला.

डांगीच्या चेहऱ्यासाठी मी तीन-चार मिलिमीटर जाडीचं, पाठीकडचं कातडं घेतो. पोटाकडचं सैल असतं, ताणलं जातं. पाठीकडचं हे कातडं पाण्याने सगळीकडे सारखं भिजवून रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. सकाळी उघडल्यावर मूळ रंग परतू लागतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. हीच वेळ. याहून ओलं असेल तर ठसा पसरतो, कोरडं असेल तर उमटतच नाही. ओल नेमकी असली की दाबलेली जागा आपोआप गडद तपकिरी होते आणि सावली फुकट मिळते.

डोळा आधी. फिरत्या पात्याच्या सुरीने वरच्या पापणीची रेघ जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत कापायची, खालची जेमतेम. दोन्ही सारख्या कापल्या की डोळा बाहुलीचा होतो. मग रेघेच्या आतल्या बाजूने बुबुळाकडचा भाग लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी खाली बसवायचा, म्हणजे पापणी वर राहते आणि तिची सावली बुबुळावर पडते. जिवंतपणा त्या सावलीत असतो. बुबुळ मागून गोल टोकाच्या हत्याराने फुगवायचं आणि पोकळीत कातड्याचा भुगा व डिंक यांचा लगदा भरायचा, नाहीतर वाळताना ते बसतं. नाकपुडीलाही हेच, फक्त तिथे कड आत वळवावी लागते. पोळीच्या घड्या मी सुरीने कापतच नाही, नुसत्या दाबतो. कापलेली घडी कागदासारखी दिसते. केस सगळ्यात शेवटी, वाढीच्या दिशेने. कपाळावरचा भोवरा चुकला की मालक लगेच ओळखतात.

काळ्या ठिपक्यांसाठी विकतचा रंग मला आवडत नाही. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवले की लोहयुक्त पाणी तयार होतं. ते लावताच कातड्यातल्या टॅनिनशी संयोग होऊन काळा रंग धरतो, आतपर्यंत. कलमकारीवाले लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात, त्यामागे हेच रसायन. म्हणूनच ओल्या कातड्याजवळ लोखंडाचा कीसही येऊ द्यायचा नाही, प्रत्येक कण डाग पाडतो. काळा वाळला की मेणाचा पातळ हात द्यायचा आणि फक्त गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, वशिंडाच्या माथ्यावर कापडाने घासायचं. सगळीकडे चकाकी दिली तर बैल वार्निश केलेला दिसतो.

पांढऱ्याचा प्रश्न अजून सुटायचा आहे. सालीतलं कातडं मुळात फिकट बदामी आणि उजेडात ते वर्षागणिक गडद होत जातं. पांढरा रंग चोपडला तर केसांच्या रेघा बुजतात. सध्या जवळजवळ कोरड्या कुंचल्याने केसांच्या फक्त उंच कडांना पांढरं लावतो आणि चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगत नाही.