पणजोबांची वही आणि संगणक

तुमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एखादी जुनी जमाखर्चाची वही आहे का? सोबत आजोबांचे पासबुकही असेल. आज पुष्कळ घरांत खर्चाचा हिशेब संगणकावर ठेवतात. ग्नूकॅशसारखे प्रोग्रॅम त्यासाठी विनामूल्य मिळतात. साहजिकच वाटते, की जुना हिशेबही त्यात घालावा. म्हणजे दूध किती महागले, घराचे कर्ज कधी फिटले, हे चटकन कळेल. पण जपून! थोडी चूक झाली, तर फिटलेले कर्जही संगणक बाकी दाखवील.

जुन्या नोंदी संगणकाला देण्याचा सोपा मार्ग म्हणजे सीएसव्ही फाईल. हिच्यात एका ओळीत एक नोंद असते आणि रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. आता ही ओळ पाहा : ०५/०४/९८,वीजबिल,१,२५०. आपण बाराशे पन्नास रुपये वाचले. संगणकाने मात्र स्वल्पविराम दिसताच रकाना बदलला. त्याच्या लेखी वीजबिल झाले १ रुपया, आणि २५० गेले भलत्याच रकान्यात! म्हणून रक्कम लिहिताना मधला स्वल्पविराम गाळावा, किंवा सगळी रक्कम अवतरणचिन्हांत घालावी.

त्याच ओळीतली तारीख कोणती? तुम्ही म्हणाल, ५ एप्रिल. अमेरिकेत मात्र महिना आधी लिहितात. तिकडच्या पद्धतीवर बेतलेला प्रोग्रॅम ४ मे समजेल. शिवाय ९८ म्हणजे १९९८ की २०९८? यावर उपाय आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे १९९८-०४-०५ लिहावे. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची हीच रीत आहे. तिचा आणखी एक फायदा म्हणजे अशा तारखा नुसत्या अंकांच्या क्रमाने लावल्या, तरी कालक्रम आपोआप जुळतो.

आता पणजोबांच्या वहीकडे वळू. तिच्यात रुपये, आणे आणि पै आहेत. एका रुपयाचे १६ आणे, आणि एका आण्याच्या १२ पै. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मग एक आणा म्हणजे किती पैसे? १०० भागिले १६, म्हणजे ६.२५. पाव पैसा लिहिता येत नाही, म्हणून आपण ६ लिहितो. समजा, वहीच्या पानावर एकेक आण्याच्या १६ नोंदी आहेत. त्यांची खरी बेरीज १ रुपया. पण प्रत्येक नोंद ६ पैसे धरली, तर बेरीज होते ९६ पैसे. चार पैसे कुठे गेले? कुणी चोरले नाहीत. प्रत्येक नोंदीत पाव पैसा आपणच सोडला! म्हणून पानाची बेरीज आधी आण्यांत करावी, तिचे पैसे करावेत आणि उरलेला फरक 'पूर्णांकातील फरक' या वेगळ्या नोंदीत दाखवावा.

एकच फाईल चुकून दोनदा घातली तर? १९९७ साली आलेल्या ओएफएक्स या पद्धतीत बँक प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळखक्रमांक देते, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेली नोंद ओळखता येते. सीएसव्हीत असा क्रमांक असेलच असे नाही. मग प्रोग्रॅम तारीख आणि रक्कम पाहून संशय घेतो. पण एकाच दिवशी बसचे भाडे जाताना आणि येताना सारखेच पडते ना? त्या दोन नोंदी खऱ्याच. अशा वेळी निर्णय माणसानेच घ्यायचा.

शेवटी परीक्षा. आरंभीची शिल्लक अधिक जमा, उणे खर्च, बरोबर अखेरची शिल्लक. पासबुकात आरंभी २४०० रुपये, जमा ३०००, खर्च १८५०. तर अखेर ३५५० यायलाच हवी. आली नाही, तर फरक काढा. फरक एखाद्या नोंदीइतकाच असेल, तर ती सुटली आहे किंवा दोनदा पडली आहे. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली, तर बहुधा जमेच्या जागी खर्च लिहिला गेला आहे. आणि फरकाला ९ ने भाग गेला, तर दोन शेजारचे अंक उलटे पडले असण्याचा संभव आहे. ५४० ऐवजी ४५० लिहिले, की फरक ९०. असे का होते, ते बीजगणिताने सिद्ध करून पाहा. (दोन अंकी संख्या १०अ + ब अशी मांडा.)

करून पाहा : घरातल्या जुन्या पासबुकाचे एकच पान घ्या. नोंदी संगणकात घाला; अंक मात्र इंग्रजी लिहा. अखेरची शिल्लक पैशापर्यंत जुळल्याशिवाय दुसरे पान उलटू नका. आणि पान जुळले म्हणून मूळ पासबुक रद्दीत टाकू नका, बरे का! उद्या शंका आली, तर खरे-खोटे त्याच्याकडूनच कळणार आहे.